फ्लॉपीला भस्म

भूकंपात माहेरच्या घराची भिंत माझ्यादेखत हलली होती. तरी मला कुणी विचारलं, की बाई, जन्मात सगळ्यात मोठा धक्का तुला कधी बसला, तर मी भूकंपाचं नाव घेत नाही. मी सांगते, दिवाळीच्या पाडव्याला, बीडला सासरी, सकाळच्या उन्हात, फ्लॉपीवर भस्माचे तीन पट्टे बघून. लोक हसतात. हसू द्या. ज्याचं जळतं त्याला कळतं.

आताच्या पोरांना फ्लॉपी म्हणजे काय तेच आधी सांगावं लागतं. काळी, पातळ, चौकोनी, हातात धरली तर वाकायची. कागदी पाकिटात ठेवायची. तिच्या अंगाला एक लांबट खिडकी असायची आणि त्या खिडकीतून आतली तपकिरी चकती उघडी दिसायची. आपण कॉम्प्युटरवर लिहिलेलं सगळं त्या चकतीवर. तिथं बोट लावायचं नाही, पाणी नाही, धूळ नाही, हे मी घरातल्या प्रत्येकाला दम देऊन सांगितलं होतं. फक्त सासूबाईंना सांगितलं नव्हतं. त्यांचा त्या खोलीशी संबंधच काय, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

लग्नाआधी मी लातूरला एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. तिथल्या मालकांनी हौसेनं कॉम्प्युटर आणला आणि त्याच्यावरचा ऑफिसच्या कामाचा संच शिकून घ्यायला मला बसवलं. संच म्हणजे तीन गोष्टींचं एक कुटुंब: एकात पत्रं आणि मजकूर लिहायचा, एकात तक्ते मांडून बेरजा करायच्या, एकात नावनिशी साठवायची. निळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, बाकी काही नाही. माझा जीव जडला त्याच्यावर. पुढं इन्स्टिट्यूट बंद पडली तेव्हा ते यंत्र मी मागून घेतलं, आणि माझ्या लग्नात ते रुखवतात मांडलं गेलं. एका बाजूला अनारशांचा मनोरा, दुसऱ्या बाजूला साखरेचं तुळशीवृंदावन, मधे मुंडावळ्या बांधलेला कॉम्प्युटर. बायका रांगेनं येऊन बघून गेल्या. एक मावशी म्हणाल्या, "नुसता काहून ठेवलाय? लावा की, शिनिमा तर बघू."

सासरचं दुकान मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, किराण्याचं. खाली दुकान, वर घर. घर शिवाचं. सकाळी आंघोळ झाली की कपाळाला भस्म लागल्याशिवाय पाण्याचा घोट कुणी घेत नसे. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. मामा बोलायचे थोडं, पण बोललेलं फिरवायचे नाहीत. मोंढ्यात जबानीवर पोती हलतात, कागद मागून होतो, त्यामुळे मामांची जबान म्हणजे दुकानाचं भांडवलच. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांचा आवाज ऐकू यायचा तो पूजेच्या वेळी. बाहेरचा पुरुष आला की त्या दारामागं. एवढ्या वर्षांत बैठकीच्या खोलीत त्यांना बसलेलं कुणी बघितलं नव्हतं.

ते दिवस कसे होते! देशाची दारं उघडली म्हणत, आणि बीडात त्या उघड्या दारांतून काय काय आत येत होतं. छपरांवर केबलच्या वायरी आल्या, चौकाचौकात फोनच्या काचेच्या पेट्या आल्या, आणि पुण्याहून शिकून माझे धाकटे दीर आले. त्यांनी बार्शी नाक्यावर माडीवर कॉम्प्युटरचा क्लास काढला. त्यांच्याकडं नवीन संच. रंगीत, चित्रांचा, खिडक्या उघडणारा. हातात उंदीर धरायचा आणि चित्रावर टिचकी मारायची. आल्या दिवसापासून भावजींनी माझ्या यंत्राला नावं ठेवायला सुरुवात केली.

"वहिनी, लई जुनं झालं तुमचं. आख्खं जग खिडक्यांत गेलंय आन तुमी निळ्यात बसल्यात."

"नव्याचे नऊ दिवस, भावजी. दहाव्या दिवशी माझ्याच दारात याल."

हे रोज. भाकरी ताटात पडली की सुरू. मामा वैतागायचे, नवरा गालात हसायचा, आणि भांडण काही संपायचं नाही. खरं सांगायचं तर दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. माझ्या निळ्यात सगळी कामं दोन-दोन कळा एकदम दाबून व्हायची. एकदा त्या पाठ झाल्या की हात कीबोर्डवरून उचलावा लागत नसे, आणि माझा वेग बघून भावजींची पोरं आ वासायची. त्यांच्या खिडक्यांत पाठांतर नको. जे पडद्यावर दिसायचं तेच कागदावर उतरायचं. जाड अक्षर जाडच दिसायचं. तक्ता उचलून पत्रात ठेवता यायचा. हे मला मनातून फार आवडलं होतं. पण तोंडानं कबूल करीन तर शपथ. उलट मी त्यांच्या वर्मावर बोट ठेवायचे. त्यांच्यात काही मोठं उघडलं की वाळूचं घड्याळ यायचं आणि जायचंच नाही. आणि त्यांचं मराठी! त्यांच्या कॉम्प्युटरवर छान दिसायचं, पण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडलं की अक्षरांचा नुसता चिवडा. माझ्यात मराठीसाठी आत वेगळं कार्ड बसवलेलं होतं. एक मात्रा इकडची तिकडं व्हायची नाही. फक्त यंत्राच्या पोटात साठवायची सोय नव्हती. जे काही आहे ते फ्लॉपीवर.

या सगळ्या भांडणाला वजन आलं ते माझ्या नणंदेमुळं.

वन्सं एम.फिल. करत होत्या, अर्थशास्त्रात. शिरूर कासारकडची जी माणसं दरसाल ऊस तोडायला कारखान्यांवर जातात, त्यांच्यातल्या बायकांच्या कामावर त्यांनी प्रबंध घेतला होता. तिथं कामाला माणूस धरत नाहीत, कोयता धरतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई पहाटेपासून राबते, पण नाव नवऱ्याचं, आगाऊ पैशाची उचल नवऱ्याच्या हातात. वन्सं एसटीनं जाऊन त्या बायकांशी बोलून यायच्या, पायाला फोड घेऊन, आणि ताटावर बसल्या तरी तेच सांगायच्या. अंबाजोगाईच्या एका कॉलेजात त्यांच्यासाठी जागा होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रबंध विद्यापीठात जमा झाला की रुजू व्हा, असं तिथून सांगितलेलं.

दुसरीकडं उदगीरचं स्थळ आलं होतं. घर तालेवार, मुलगा चांगला, एकच अट. सून नोकरी करणार नाही. मामांनी एका संध्याकाळी सगळ्यांना बसवून निकाल दिला. "परबंद टायमावर गेला तर पोरगी नोकरी करंल, लग्नाचं मागून बघू. न्हाई गेला तर उदगीरकरांना होकार. मी त्यांना तशी जबान दिलीया. भाऊबीजेला ते सुपारी फोडायला येनार." वन्संनी मान हलवली. त्यांना वाटलं, प्रबंध तर होणारच आहे.

आता प्रश्न आला, प्रबंध टाईप कशात करायचा. भावजी म्हणाले खिडक्यांत, मी म्हणाले निळ्यात. वन्सं बिचाऱ्या मधे सापडल्या. शेवटी मामाच चिडून म्हणाले, "रोजची कटकट नको. अवसेला मोंढा बंद असतो. दोन्ही यंत्रं खाली दुकानात मांडा आन लावा कुस्ती. समद्यांच्या म्होरं निकाल."

मला वाटलं थट्टा करतात. पण अवसेला खरंच दुकानातली पोती मागं सारली, गादीवर पांढरी चादर पसरली आणि मोंढ्यातले सात-आठ व्यापारी पान लावत येऊन बसले. भावजींनी त्यांचं यंत्र गादीत गुंडाळून रिक्षातून आणलं. नारळ फोडला. मी डोक्यावरचा पदर खोचून बसले. मामांनी कामं सांगितली: घरच्यासाठी रुद्राभिषेकाचं निमंत्रण, अभ्यासासाठी प्रबंधाचं एक पान, आणि दुकानासाठी गुळाच्या भेल्या आणि साखरेची पोती यांचा तक्ता, बेरजेसकट.

सुरुवातीलाच भावजींनी बाजी मारली. निमंत्रणाला त्यांनी वेलबुट्टीची चौकट काढली, वर बेलाचं पान. मग तक्ता मांडून एक टिचकी मारली आणि पडद्यावर रंगीत गोल उमटला. एवढा भाग गूळ, एवढा भाग साखर. "आयला!" म्हणून शेजारचे आडते उठून उभेच राहिले. "पापडच लाटला बे यानं!" माझ्या तोंडचं पाणी पळालं. माझ्या निळ्यात तक्ता चोख होता, पण पापड कुठून आणू? तोंड मिटून मी प्रबंधाचं पान बडवत राहिले. दर ओळीला साठवायची कळ आपोआप दाबली जायची, इन्स्टिट्यूटची सवय.

आणि लाईट गेली.

बीडला लाईट जाणं यात काही नवल नाही, पण ती नेमकी तेव्हा गेली. दोन्ही पडदे काळे. पानाचे विडे झाले, गप्पा झाल्या, लाईट आली. मी फ्लॉपी घातली, कुरकुर झाली, आणि माझं पान जिथं सोडलं होतं तिथं उभं. भावजींचं यंत्र उठलं, स्वतःचीच नाडी तपासत बसलं, आणि उघडलं तेव्हा निमंत्रण नाही, पापड नाही, काही नाही. त्यांनी साठवलंच नव्हतं. आडते म्हणाले, "पापड दिसायला चांगला हुता, पर ताटात पडला न्हाई." मामांनी माझ्याकडं बघून मान हलवली. मी जिंकले होते. त्या दिवशी माझ्यासारखी माजलेली बाई मोंढ्यात दुसरी नसेल!

म्हणून प्रबंध निळ्यात सुरू झाला. दुपारी दुकानातली वर्दळ कमी झाली की वन्सं टिपणांच्या चिठ्ठ्या घेऊन खोलीत फेऱ्या मारत सांगायच्या आणि मी बडवायचे. त्यांनी आधी कागदावर लिहून ठेवलंच नव्हतं. मनात जुळवून थेट सांगायच्या, चुकलं की मागं जाऊन दुरुस्त करायचं. यंत्राचा हाच तर फायदा, असं मीच त्यांना पटवलेलं. दर प्रकरणाच्या दोन फ्लॉप्या, एक कामाची, एक राखीव, दोन्ही एकाच डब्यात कपाटात. आत्याबाई चहा आणून उंबऱ्यावर ठेवायच्या. एकदा दारातूनच म्हणाल्या, "कवा हुनार गं हे?" मी म्हटलं, "दिवाळीपर्यंत होईल, आत्याबाई." त्या बोटांवर दिवस मोजत आत गेल्या. मला वाटलं, यांना उदगीरची घाई झालीय. पोरगी एकदा उजवली की सुटलो, आईबापांचं असंच असतं. घरात सगळ्यांनाच तसं वाटायचं.

दिवाळीच्या आधी शेवटचं प्रकरण संपलं. वन्सं टाळ्या पिटत माझ्या गळ्यात पडल्या. माझ्या छपाईयंत्राची फीत वाळून गेली होती, म्हणून ठरलं की पाडवा झाला की भावजी फ्लॉप्या घेऊन औरंगाबादला जातील. तिथं एका छपाईवाल्याकडं आमचं निळं चालत होतं. दोन दिवसांत कागद हातात आणि तिथूनच थेट विद्यापीठात.

आणि पाडव्याची सकाळ उजाडली.

आमच्याकडं पाडव्याला दुकानाच्या वह्या, तराजू, मापं, सगळ्यांची पूजा होते. हत्यारांना, अवजारांना भस्म लावायचं, फूल वाहायचं. ते आत्याबाईंचं काम. मी स्वयंपाकात होते. उकडत्या पुरणाचा वास घरभर. कशाला तरी म्हणून कॉम्प्युटरच्या खोलीत गेले आणि दारातच थिजले.

यंत्रापुढं रांगोळी. यंत्राला झेंडूची माळ. पाटावर स्वच्छ धुतलेला पंचा अंथरलेला, आणि त्यावर माझ्या सगळ्या फ्लॉप्या, पाकिटांतून काढून, वाळवणाचे पापड मांडावेत तशा ओळीनं मांडलेल्या. पाकिटं घडी मोडू न देता बाजूला रचलेली. आणि एकेका फ्लॉपीच्या त्या खिडकीवर, बरोब्बर त्या उघड्या तपकिरी चकतीवर, तीन बोटांनी ओढलेले ओल्या भस्माचे जाड तीन पट्टे. वर एकेक फूल. एकही सुटली नव्हती. कामाच्याही नाही, राखीवही नाही.

आत्याबाई पंचपात्री घेऊन तिथंच बसल्या होत्या. माझ्याकडं बघून हसल्या. "लई जपून केलं बाई, वाकू दिलं न्हाई. समदं अंग काळ्यात झाकेल. तेवढंच कपाळ उघडं दिसलं, म्हून तितं लावलं."

आधी आवाजच फुटेना. मग असा फुटला की खालून नवरा धावत वर आला. "अहो काय केलंत हे! अहो आत्याबाई! पाणी? पाणी लावलंत त्याला?" मी पदरानं पुसायला गेले तर भस्म आणखीच आत सरकलं. एक फ्लॉपी यंत्रात घातली. करर्र असा आवाज झाला, जात्यात खडा सापडावा तसा. निळ्या पडद्यावर एक ओळ आली: वाचता येत नाही. दुसरी घातली, तेच. राखीव घातली, तेच. मग यंत्रच काही वाचेना. भस्म त्याच्याही घशात गेलं होतं. तरी मी एकामागून एक घालतच राहिले, वेड्यासारखी.

भावजी क्लासवरून आले. कापूस आणि स्पिरिट घेऊन तासभर खाली मान घालून खटपट करत बसले. चकतीवरचा तपकिरी थर कापसाला लागून येत होता. "न्हाई वहिनी," ते हळूच म्हणाले. "सांगितलं होतं की न्हाई" असं एका शब्दानं म्हणाले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं. घरी ठेवलेल्या त्यांच्या स्वतःच्या छोट्या, टणक, नव्या फ्लॉप्याही पाटाच्या कडेला होत्या, त्यांनाही भस्म लागलं होतं, पण त्यांच्या खिडकीवर पत्र्याचं झाकण. त्यांनी सदऱ्याच्या टोकानं पुसल्या आणि त्या चालू झाल्या. मोंढ्यासमोर जिंकलेली कुस्ती मी पाडव्याला घरातल्या घरात हरले.

वन्सं भिंतीला टेकून उभ्या होत्या. रडल्या नाहीत. चेहरा पांढराफटक. "सगळं?" एवढंच विचारलं. मी मान हलवली.

मग माझी जीभ सुटली. माझा स्वभावच तो, राग आला की मागचापुढचा विचार नाही. मी आत्याबाईंना म्हटलं, "झालं ना तुमच्या मनासारखं? उदगीरला धाडायचंच होतं ना हिला? आता धाडा!" आत्याबाईंचा हात पंचपात्रीवरच थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि ते बघणं मला अजून आठवतं. रागाचं नव्हतंच. आपलं नेमकं काय चुकलं तेच त्या शोधत होत्या, असं वाटलं. म्हणाल्या, "कपिलधारच्या देवस्थानाचं भस्म हाय बाई ते. घरचं न्हाई." आणि उठून देवघरात गेल्या.

मामा वर आले, ऐकलं, पाटावरच्या फ्लॉप्या बघितल्या. "आता पुन्यांदा लिहायला किती दिस लागत्यान?" मी म्हटलं, महिने. ते खाटेवर बसले. मग म्हणाले, "मग पाव्हण्यांना काय सांगू? जबान दिलीया मी." त्यांनाही वाईट वाटत होतं, ते स्पष्ट दिसत होतं. पण जबान ती जबान.

भाऊबीजेला दुपारी उदगीरकर आले. मुलाचे वडील आणि चुलते. बैठकीत गाद्या, लोड, तबकात हळकुंड, पानं, सुपारी. आमच्याकडं सुपारी फुटली की सोयरीक पक्की. मग माघार नाही. मामांनी अडकित्ता पुढं ठेवलेला. नवरा आणि भावजी एका कडेला मांडी घालून. मी दाराच्या आड, हातात चहाचा ट्रे. वन्सं आतल्या खोलीत, नवं लुगडं नेसून, जमिनीकडं बघत.

मला बोलायचं होतं. पाव्हण्यांना सांगायचं होतं, की एक सत्र थांबा, प्रबंध पुन्हा होईल. भावजींकडं बघितलं, तर तेही तोंड उघडून मिटत होते. वर्षभर ताटावर एकमेकांचे घास अडकतील एवढं भांडलेलो आम्ही दोघं, आणि आता दोघांचीही दातखीळ बसलेली. मामांच्या जबानीपुढं कोण बोलणार? मामांनी सुपारी घ्यायला हात पुढं केला.

माझ्या अंगाला कुणाचा तरी पदर घासून गेला. मी वळून बघते तो आत्याबाई. डोक्यावर पदर, कपाळावर भस्म, अनवाणी. सरळ बैठकीत गेल्या. सगळ्या पुरुषांच्या मधून तबकापर्यंत गेल्या, वाकल्या, सुपारी उचलली आणि मुठीत घट्ट धरून उभ्या राहिल्या.

ट्रे माझ्या हातून पडायचाच राहिला. नवरा उठून उभा राहिला. मामांचा हात हवेत तसाच.

"सुपारी फुटनार न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. आवाज कापत होता, पण ऐकू येत होता. "पोरीला नोकरी लागू दे म्हून मी कपिलधारला चालत गेलते. बहिनीकडं चालले म्हून सांगून गेलते. तितलं भस्म आनलं आन माज्याच हातानं तिचं काम बुडालं. ते काम पुरं होईस्तवर ती ह्या घरातून जानार न्हाई. तुमी चांगली मानसं हाव. पोरगं बी चांगलं असंल. पर आमची पोरगी शिकलेली हाय, ती शिकवंल."

आगं बया! माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. ही आमची आत्याबाई? बैठकीत? परक्या पुरुषांसमोर? आणि कपिलधारला चालत? डोंगराची वाट, त्या गुडघ्यांनी? सगळे दिवस मी त्यांना काय समजत होते, आणि काल काय बोलून बसले होते! लाजेनं माझे कान तापले.

मुलाचे चुलते चिडले. "शेठ, बाईमानसाच्या शब्दावर जबान फिरवनार का? मोंढ्यात सांगू का तसं?"

मामांनी आत्याबाईंच्या मुठीकडं बघितलं. मामा आता काय करतील याची मला खात्री होती, आणि माझी ती खात्रीही खोटी ठरली.

"जबान माजी हाय," मामा म्हणाले. "पोरगी दोघांची हाय. सांगा मोंढ्यात, सांगायचं तर."

पाहुणे चहा न घेता उठले. जिन्यावरून त्यांच्या वहाणांचा आवाज खाली गेला, आणि आतल्या खोलीतून वन्संच्या रडण्याचा आवाज आला. पाडव्यापासून कोंडलेलं सगळं एकदम बाहेर पडलं.

अंबाजोगाईची जागा गेली ती गेलीच. प्रबंध पुढच्या सत्रात जमा झाला. बार्शी नाक्यावर भावजींच्या क्लासात बसून, उंदीर हातात धरून, वाळूच्या घड्याळाला शिव्या देत मी तो खिडक्यांच्या संचात पुन्हा बडवला. मराठीचा चिवडा होऊ नये म्हणून त्यांनी त्यांची अक्षरंच वेगळ्या फ्लॉपीवर भरून दिली. दर आठवड्याला कागद छापून घेतले. दोन वर्षांनी वन्संना परळीकडच्या एका कॉलेजात नोकरी लागली, आणि नोकरीवर राहू देणाऱ्या घरात लग्नही झालं. कोणता संच चांगला असं आजही कुणी विचारलं की मी आणि भावजी भांडतो, पण आता हसत.

भाऊबीजेच्या त्या संध्याकाळचं मात्र सांगायचं राहिलं. दिवे लागले होते. आत्याबाई चुलीपाशी बसून काहीच झालं नाही अशा भाकरी थापत होत्या. सुपारी तशीच कमरेच्या पिशवीत. मी शेजारी जाऊन बसले. माफी मागायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"आत्याबाई, तुम्ही एवढं बोललात कशा? चार पुरुषांत?"

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. माझ्याकडं बघितलंही नाही.

"मी कुठं बोलनार हुते," म्हणाल्या. "मी दाराआड हुबी राहून वाट बघत हुते. घरात एवढी शिकलेली मानसं, कोन तरी बोलंल म्हून. त्यांनी सुपारीला हात घातला तरी कुनीच तोंड उघडंना. मग काय करू?"